एक तोळ्याची गोळी

तराजूचा काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम मला नवा नव्हता. रत्नागिरीला आमच्या दुकानात बाबा गुंजा तोलायला बसले की आधी पंखा बंद व्हायचा. गिऱ्हाईक घामाघूम झालं तरी चालेल, पण वाऱ्यानं पारडं हलता कामा नये. त्यामुळे ओहायोतल्या त्या तळघरात शेजारच्या काकांनी काट्यासमोर बसता बसता हात वर करून पंखा बंद करायला सांगितला, तेव्हा मी काही न विचारता उठलो. पारड्यात सोनं नव्हतं. बंदुकीची दारू होती.

काका म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारतो. पण ७८ वर्षांच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते, म्हणून मनातल्या मनात ते काकाच. आयुष्यभर कारखान्यात डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवण्याचं काम केलं. आता मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधला चाळीस एकरांचा रानाचा तुकडा, एक खोकणारा ट्रॅक्टर, आणि तळघरातलं हे टेबल. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ओहायोत हरणांचा बंदुकीचा मोसम उघडतो. काकांचा मोसम ऑगस्टमध्येच सुरू होतो, टेबलावर.

त्यांची बंदूक मार्लिन कंपनीची. १८९४ साली निघालेल्या नमुन्याची, पण .३५७ मॅग्नम या पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी. रायफलीत पिस्तुलाचं काडतूस, हे ऐकायला ट्रकला रिक्षाचं इंजिन बसवल्यासारखं वाटतं. पण ही खोड जुनी आहे. १८७३ साली विंचेस्टरनं .४४-४० काडतुसाची रायफल काढली आणि पुढे काही वर्षांतच कोल्टची रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसावर मिळू लागली. घोड्यावरच्या माणसाला कंबरेला एकच पट्टा पुरे झाला. .३५७ मॅग्नम त्यानंतर बऱ्याच काळानं, १९३५ साली आलं. जुन्या .३८ स्पेशल या काडतुसाचीच पितळी पुंगळी इंचाच्या आठव्या हिश्शाहून थोडी जास्त लांब केली, ती अशासाठी की हे जोरकस काडतूस चुकूनही जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये. चूक होणारच हे धरून केलेली रचना मला नेहमी आवडते.

काकांनी ही बंदूक घेतली ती मात्र कायद्यामुळे. आमच्या भागातली जमीन ताटासारखी सपाट, मधूनमधून घरं, शाळा, रस्ते. लांब पल्ल्याच्या रायफलीची गोळी चुकली तर मैलभर पलीकडे कोणाच्या तरी अंगणात जाईल, म्हणून हरणासाठी इथे अशा रायफलींना बंदीच होती. शॉटगनची जाडजूड गोळी चालायची, ठासणीची बंदूक चालायची, आणि गंमत म्हणजे .३५७ चं रिव्हॉल्व्हरही चालायचं. तेच काडतूस खांद्याला लावून, नीट नेम धरून उडवायचं म्हटलं की गुन्हा! २०१४ साली ओहायोनं सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं रायफलीत वापरायला मुभा दिली, म्हणजे तोंडाशी न आवळलेली, पेल्यासारखी सरळ पुंगळी. इंडियानानं हे २००७ मध्येच केलं होतं. 'कायद्याला अक्कल यायला सात वर्षं लागली, आणि मधे नुसती एक सीमारेषा होती,' असं काका म्हणतात.

ठासणीची बंदूक मी पाहिलेली होती. आमच्या आजोळी शेतीच्या रक्षणासाठी परवाना काढलेली एक होती, रानडुकरांसाठी. मामा तिच्या नळीत दारू ओतायचे, वर काथ्या कोंबायचे, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि गजानं ठासायचे. आम्ही पोरं पडवीच्या खांबाआडून बघायचो. त्या बंदुकीला दुकानातलं तयार काडतूस असं काही नव्हतंच. प्रत्येक बार घरीच भरलेला. काकांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे तुझ्या मामाचा आणि माझा धंदा एकच, मी फक्त मागच्या बाजूनं भरतो.

भरायची रीत सांगायला सोपी आहे. उडालेली पितळी पुंगळी घ्यायची. ती बारानं किंचित फुगलेली असते, तिला डायमध्ये दाबून पुन्हा मापावर आणायची. बुडाशी जळलेली टिकली असते, ती त्याच दाबात निघून पडते. मी प्रायमरला टिकलीच म्हणतो. दिवाळीत आपण दगडानं फोडायचो तीच ही, फक्त मोठ्या घरची. नवी टिकली बसवायची, पुंगळीचं तोंड जरा उमलवायचं, दारू मोजून ओतायची, वर गोळी बसवायची आणि उमललेलं तोंड गोळीच्या खाचेत परत वळवून घ्यायचं. झालं काडतूस. पितळ दर वेळी ताणलं-दाबलं गेल्यानं कडक होत जातं आणि शेवटी तोंडाशी चिरतं. बाबा सोन्याची तार भोकाभोकांतून ओढताना मधेच ती तापवून नरम करायचे, त्याचं कारण हेच, हे मला वयाच्या चाळिशीत, सात समुद्रांपलीकडे समजलं. लहानपणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. विचारलं नाही.

टेबलाचे नियम कडक. रेडिओ बंद, फोन वरच्या मजल्यावर, एका वेळी टेबलावर दारूचा एकच डबा. दारू ओतून झाली की पन्नास पुंगळ्यांची लाकडी फळी बॅटरीच्या उजेडात आडवी-उभी बघायची, प्रत्येकीत पातळी सारखी आहे ना. एकीत काहीच नसेल तर नुसती टिकली गोळीला नळीच्या मध्यापर्यंत ढकलते आणि तिथंच अडकवते. पुढचा बार त्या अडकलेल्या गोळीवर आदळतो. एकीत दुप्पट असेल तर काय होईल ते सांगायलाच नको. काकांनी म्हणूनच मंद जळणारी दारू निवडली. तिचं माप पुंगळीत इतकं वर येतं की चुकून दोनदा ओतली तर ती बाहेर सांडणारच. माणूस विसरतो, पण सांडलेली दारू दिसते.

त्या दारूची एक तऱ्हा आहे. हॉजडनची एच-११० असं तिचं नाव. इतर दारू थोडी कमी घातली की बार सौम्य होतो, जेवणात मीठ कमी पडावं तसं. ही तशी नाही. हिला ठरल्यापेक्षा फार कमी घातली तर ती नीट पेटेलच असं नाही, म्हणून बनवणारेच बजावतात की सांगितलेलं माप तीन टक्क्यांपेक्षा जास्त घटवू नका. म्हणजे सावधगिरी म्हणून कमी घातली तर तीच अंगाशी येणार. किती ग्रेन घालायची (दारू आणि गोळी ग्रेन या बारीक इंग्रजी वजनात तोलतात) ते मी इथे लिहिणार नाही. काका तर मलाही तोंडी आकडा सांगत नाहीत. दारूच्या मापांचं पुस्तक उघडून पानावर बोट ठेवतात आणि मला मोठ्यानं वाचायला लावतात, दर वर्षी, तेच पान.

पण मूळ प्रश्न दारूचा नव्हताच. गोळी कोणती, हा होता.

मी पहिल्यांदा दुकानातून मोठ्या उत्साहानं १२५ ग्रेनच्या, टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्यांचा डबा आणला. वेग जास्त, नाव मोठं. काका काही बोलले नाहीत. दुधाचे रिकामे गॅलनचे डबे पाण्यानं भरून त्यांनी शेताच्या बांधावर एकामागे एक मांडले आणि मला मारायला लावलं. पहिला डबा असा फुटला की पाणी दोन पुरुष उंच उडालं. मी हसलो. दुसऱ्या डब्यात पत्र्याच्या कपच्या आणि शिशाचा चुरा मिळाला, तिसरा कोरडाठाक बाहेरून, आत पाणी जसंच्या तसं. 'हे हरणाच्या खांद्यावर झालं असतं,' काका म्हणाले, 'वरवर. ते लंगडत रात्रभर फिरलं असतं.'

कारण साधं आहे, पण मला सुचलं नव्हतं. ही गोळी रिव्हॉल्व्हरच्या चार-सहा इंची नळीसाठी केलेली. त्या वेगाला ती फुलासारखी उमलावी अशी तिची घडण. तीच गोळी अठरा इंची नळीतून निघाली की दारूला ढकलायला तिप्पट अंतर मिळतं, वेग सेकंदाला कित्येकशे फुटांनी वाढतो, आणि फूल उमलायच्या आधीच पाकळ्या गळून जातात. पिस्तुलाचं काडतूस रायफलीत घातलं की ते नुसतं जास्त जोरकस होत नाही, त्याचा स्वभावच बदलतो. म्हणून वजनदार, निबर, सावकाश उमलणारी गोळी हवी. आणि टोकाला चपटी हवी. या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक असतात, मागच्याची गोळी पुढच्याच्या टिकलीला टेकलेली. टोकदार गोळी असेल तर ती टिकलीवर ठेवलेली सुईच. ओहायोत एका वेळी तीनच काडतुसं भरायची परवानगी आहे, पण अपघाताला दोनही पुरतात.

मग काकांनी कपाटातून त्यांची नेहमीची गोळी काढली. चपट्या नाकाची, तांब्याच्या अंगरख्यातून शिशाचं टोक जरासं बाहेर आलेली. १८० ग्रेन. हिनं चार डबे ओलांडले आणि पाचव्यात बसली, अळंबीसारखी होऊन, पण अखंड.

१८० हा आकडा मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत राहिला. रात्री झोप येईना. मग आठवलं, बाबांच्या गल्ल्यात राणीच्या छापाचा चांदीचा रुपया असायचा, विकायचा नाही, वजनाला. एक रुपया म्हणजे एक तोळा. आणि कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचे १८० ग्रेन. आता दुकानांत दहा ग्रॅमलाच तोळा म्हणून मोकळे होतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे काकांची गोळी काट्याला काटा एक तोळ्याची. इंग्रजांचा ग्रेन हा जवाचा दाणा, आपली गुंज ही वेलीवरची बी. दोन्हीकडच्या सोनारांनी शेतातूनच वजनं उचललेली, आणि ती दोन वजनं ओहायोतल्या एका तळघरात एकाच पारड्यात येऊन बसली होती.

सकाळ होताच रत्नागिरीला फोन लावला. बाबा आता दुकानात बसत नाहीत, पण सवयीनं दुपारी सोन्याचा भाव विचारतात. मी सगळं सांगितलं. हरणाचं ऐकून ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, 'एक तोळा शिसं, वर तांब्याचं पाणी... आणि मजुरी किती घेतो तुझा काका?'

आई मागून म्हणाली, 'सोमवारी? मार्गशीर्षाच्या तोंडावर?'

या शिकारीचं तिला पटत नाही, आणि मलाही ते नेहमी पटवून देता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीनं हे सगळं संपलं आणि ते योग्यच झालं, असं मी इथल्या मंडळींनाही सांगतो. इथलं गणित निराळं आहे. ओहायोत १९०४ च्या सुमारास पांढऱ्या शेपटीचं एकही हरीण उरलं नव्हतं; सगळी मारून खाल्लेली. मग ती जपली, वाढू दिली. १९४३ साली तीन परगण्यांत पहिला मोसम उघडला, तेव्हा १६८ हरणं मारली गेली. आता वर्षाला दोन लाखांच्या आसपास मारतात आणि तरी ती आमच्या गाड्यांपुढे उड्या घेतात. वाघ नाही, लांडगा नाही. आकडे पटतात. हरणाचे डोळे समोर आले की आकडे आठवत नाहीत, हेही खरं.

तोळ्याची गोळी ठरली, असं मला वाटलं होतं. मी तर मनानं तिच्यावर नाव कोरून मोकळा झालो होतो. पण घरात बायको औषधनिर्माणातली. तिनं मटणाच्या पिशवीकडे बघून एकच विचारलं, 'यात शिसं किती?' तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. मी शोधलं. २००८ साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरनं गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मटण एक्स-रेखाली धरलं, तर त्यात शिशाचे बारीक कण दिसले. आरोग्य खात्यानं ते मटण फेकून द्यायला सांगितलं. वेगवान रायफलींच्या गोळ्या जास्त फुटतात, आमच्यासारख्या संथ गोळ्या कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. कॅलिफोर्नियानं तर गिधाडांपायी २०१९ पासून शिकारीत शिसंच बंद केलं.

हे काकांना कसं सांगायचं, या विचारात मी एक महिना काढला. ज्या माणसानं चाळीस वर्षं हेच खाल्लं आणि नातवंडांना घातलं, त्याला शेजारच्या परदेशी पोरानं विषाचं ऐकवायचं? शेवटी भीत भीत सांगितलं. ते डायला तेल देत होते, देतच राहिले. 'शिसं नाही तर मग काय, सोनं?' एवढंच बोलले. मी विषय सोडला.

पुढच्या ऑगस्टला टेबलावर एक नवा डबा होता. निखळ तांब्याच्या गोळ्या, १४० ग्रेन. किमतीची चिठ्ठी त्यांनी नखानं खरवडून काढली होती. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे १८० ग्रेनची करायची तर गोळी लांबच लांब होते आणि पुंगळीतली दारूची जागा खाते, म्हणून १४०. पोकळ टोकाचीच, पण तांब्याच्या पाकळ्या गळत नाहीत, मागे वळून बसतात. आम्ही पुन्हा पुस्तक उघडलं, यावेळी निराळं पान. पुन्हा डबे मांडले. चौथ्या डब्यात सापडली. काकांनी काट्यावर टाकली: १४०, एक ग्रेन इकडेतिकडे नाही. ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.

'माझी नातवंडंही खातात,' असं म्हणून त्यांनी पंखा स्वतःच परत लावला.

पल्ला मात्र त्यांनी कमी केला. तोळ्याची गोळी ते शंभर यार्डांपर्यंत मारायचे. हिला ऐंशी. रानातल्या एका ओकला त्यांनी ऐंशी यार्डांवर नारिंगी फीत बांधली. तिच्या पलीकडे कितीही मोठा शिंगवाला नर उभा राहिला तरी बंदूक मांडीवरच. मागच्या मोसमात पहिल्या दिवशी तसाच एक फितीपलीकडे वीस मिनिटं उभा होता, शिंगांना आठ टोकं असलेला, आरामात ओकची फळं खात. काकांनी मला चहाचा थर्मास दिला.

दुसऱ्या संध्याकाळी, उजेड जायला अर्धा तास असताना, एक मादी फितीच्या अलीकडून आली. साठ यार्ड असतील. आडवी उभी राहिली. बाराचा आवाज मला ऐकू आल्याचं आठवत नाही. लिव्हर ओढल्याचं आणि पुंगळी उजवीकडे उडून गेल्याचं आठवतं. ती पन्नासेक पावलं धावली आणि बसल्यासारखी पडली. तरी काकांनी मला अर्धा तास जागेवर बसवून ठेवलं. घड्याळ लावून. गोळी आरपार गेली होती, कुठल्या मातीत रुतली कोण जाणे. काट्यावर टाकायला काहीच मिळालं नाही, याचंच मला वाईट वाटत होतं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटत होती. मी तिच्या मानेवर हात ठेवला. गरम होती.

सगळं आवरून गाडीपाशी आलो तेव्हा काका म्हणाले, 'पुंगळी?'

अंधारात बॅटरी मारून आम्ही पाचोळा उपसला. ओकची पानं सगळी पितळेच्या रंगाची, आणि पितळ पानांच्या रंगाचं. मिळाली नाही. मी म्हटलं, जाऊ द्या, एक पुंगळी ती काय. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी सात वाजता त्यांचा ट्रक माझ्या दाराशी उभा.

रत्नागिरीला वर्षातून एकदा झारेकरी यायचे. दुकानातली धूळ, पायपुसण्यातली माती, बाबांच्या बैठकीखालचा कचरा, सगळं पैसे मोजून घेऊन जायचे आणि पाण्यात धुऊन त्यातून सोन्याचे कण काढायचे. मला ते लहानपणी वेडे वाटायचे. त्या सकाळी ७८ वर्षांचा एक म्हातारा नारिंगी जाकिटात ओकखाली गुडघे टेकून एकेक पान उचलून बाजूला ठेवत होता, आणि शेजारी मी. पुंगळी मलाच सापडली, मुळांच्या बेचक्यात उभी, तोंड वर. आत रात्रीचं दव गोठून बर्फाचा एवढासा बिल्ला झाला होता. काकांनी ती उलटी करून तळव्यावर आपटली, बर्फ पाडला, तोंडाशी नख फिरवून चीर आहे का ते पाहिलं आणि माझ्याच खिशात टाकली.

फेब्रुवारीत मुंबईचं विमान पकडायच्या आदल्या रात्री बायकोनं माझ्या सगळ्या कोटांचे खिसे उलटे केले, कारण आपल्याकडे विमानतळावर सामानात काडतूस सापडून अडकलेल्यांच्या बातम्या दोघांनीही वाचलेल्या. तिसऱ्या कोटातून ती टणकन फरशीवर पडली. मी तशीच रात्री अकराला शेजारी नेऊन दिली. काका झोपायच्या कपड्यांत होते. त्यांनी ती दिव्याखाली धरून पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाले, 'अजून दोन-तीन मोसम निघतील.'